अकरा खाचांची बंदूक

एकतीस वर्षांच्या नोकरीत हेडक्लार्कांनी खोट्या ओळीखाली कधी सही केली नव्हती, आणि मग एका शनिवारी दुपारी, अडीच ते साडेचारच्या दरम्यान, ती त्यांनी सात वेळा केली. कुणी बळजबरी केली नव्हती की आमिष दाखवलं नव्हतं. हाताला सवय होती, एवढाच काय तो हाताचा गुन्हा. पण हात कुणाचा, असं विचारल्यावर माणसाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नाही, कारण बोटही त्याच हाताचं असतं.

हेडक्लार्क म्हणजे रेकॉर्ड ऑफिसातल्या नक्कल विभागाचे हेडक्लार्क. लोक जुन्या कागदाची नक्कल मागायला खिडकीशी येत. हेडक्लार्क आतून मूळ कागद काढत, शेजारी ठेवून नक्कल उतरवत आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहीत, 'मुळाशी ताडून पाहिले, बरोबर आहे.' मग सही, मग गोल शिक्का. ह्या ओळीवाचून कागद त्यांना उघडावाघडा वाटे. घरी सामानाची यादी लिहून झाली तरी त्यांचा हात खाली ती ओळ लिहायला निघे आणि बायको वेळेवर पेन काढून घेई. त्या शनिवारी बायको शेजारी नव्हती, हे पुढच्या सगळ्याचं मूळ.

भानगड सुरू झाली एका लांबलचक पेटीपासून. सासरे वारले, मेहुण्याने घर आवरलं आणि पेटी बहिणीकडे पाठवून दिली. सासरे नाटक कंपन्यांना सामान करून देणारे कारागीर होते. सिंहासनं, मुकुट, तलवारी, एक उगवणारा चंद्र, असलं काय काय त्यांनी जन्मभर केलं. पेटीत त्यांनी केलेल्या सात बंदुका निघाल्या. पेटी पॅसेजमध्ये बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाचा अंगठा फोडू लागली. हेडक्लार्कांचा स्वतःचा दोनदा फुटला.

"बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या नाटकांसाठी हात झिजवले," बायको एक दिवस म्हणाली, "पण पाटीवर त्यांचं नाव कुणी लिहिलं नाही. कुठल्यातरी एका भिंतीला ह्या बंदुका नीट लागाव्यात आणि खाली त्यांचं नाव असावं. एवढं करा तुम्ही. लग्न झाल्यापासून मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही."

शेवटचं वाक्य मुळाशी ताडून पाहण्यासारखं होतं. पण अशा वेळी मूळ काढायचं नसतं, हे हेडक्लार्कांना सत्तावीस वर्षांच्या संसारात कळलं होतं. शिवाय ते विरघळले होते. बायकोचे डोळे भरले होते, आणि तिला रडू आलं की हेडक्लार्क कुठल्याही अर्जावर 'मंजूर' लिहून मोकळे होत.

योगायोगाने गावातल्या संग्रहालयात नवं शस्त्रदालन उघडायचं होतं आणि नागरिकांकडून जुन्या वस्तू मागवल्या होत्या. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई विद्वान होत्या. त्यांचं सगळं शिक्षण मातीच्या भांड्यांत झालं होतं आणि बंदुकांकडेही त्या कुठून गळतात का अशाच नजरेने बघत.

"नाटकातल्या आहेत," हेडक्लार्कांनी सुरुवात केली.

"नाटकातल्या?" बाईंनी चष्मा काढला. "दालन शस्त्रांचं आहे हो. खेळणी आम्ही घेत नाही."

"म्हणजे नाटकातसुद्धा वापरल्या गेल्या होत्या, असं म्हणत होतो."

"मग ठीक आहे. फॉर्म भरा. देणाऱ्याचं नाव वर लिहा आणि रकाना सहा कोरा ठेवू नका, नाहीतर वस्तू परत."

रकाना सहा होता 'वस्तूचा इतिहास'. देणाऱ्याच्या जागी हेडक्लार्कांनी मोठ्या मनाने बायकोचं नाव घातलं. आपण किती मोठं मन दाखवलं, ह्याचं त्यांना बरंच कौतुक वाटलं होतं. ते कौतुक त्यांना पुढे फार जड गेलं.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असे. सगळे गेल्यावर हेडक्लार्कांनी नकलेचा जाड कागद काढला, नेहमीच्या टाकाऐवजी ठेवणीतलं फाउंटन पेन घेतलं आणि सात बंदुका समोर टेबलावर मांडून इतिहास लिहायला बसले. पहिली ओळ अडली. दुसरी सुटली. तिसरीनंतर हेडक्लार्क थांबेनात. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे कागद उतरवून काढलेल्या माणसाला स्वतःचं काही लिहायला मिळालं, की त्याचं काय होतं ते बघण्यासारखं असतं.

पहिली दोन्हीकडे नळी असलेली दोनतोंडी. तिच्याबद्दल त्यांनी लिहिलं की ती एका संशयी सरदाराने करवून घेतली, कारण त्याला समोरच्या शत्रूइतकीच मागच्या स्वतःच्या सैन्याची भीती वाटे. 'सरदाराने ती एकदाच चालवली. त्यानंतर सरदाराची जागा रिकामी असल्याचे दिसते.' दुसरी लाजरी. तिचा चाप ओढल्यावर गोळी पंधरा मिनिटांनी सुटे, त्यामुळे एका लढाईत झाडलेला बार तहाच्या बैठकीत निघाला आणि दुसरं युद्ध पेटलं. तिसरीची मूठ सरळसरळ छत्रीची होती. हेडक्लार्कांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'मूठ छत्रीसारखी दिसते, परंतु वस्तुस्थिती उलट असून छत्रीची मूठ ह्या बंदुकीवरून घेण्यात आली.' चौथीला दाराची कडी होती. ती एका राणीची ठरली. कडीला कुलूप असे आणि किल्ली सापडेपर्यंत शत्रूला थांबण्याची विनंती केली जाई. पाचवीच्या तोंडाला तेलाचं नरसाळं बसवलेलं होतं. तिच्यात गोळ्या संपल्या की बटणं, खडी आणि एकदा तर खजिनदाराची कवळी भरून मारल्याची नोंद झाली. सहावी डावखुऱ्यांच्या पलटणीची होती, जी इतरांसोबत रांगेत उभी राहिली की कोपराला कोपर लागून आपसातच मारामारी होई.

सातवी पुरुषभर उंचीची. तिच्या लाकडावर खालपासून वरपर्यंत अकरा खाचा होत्या, आणि अकराव्या खाचेच्या किंचित वर आणखी एक खाच होती. इथे हेडक्लार्कांचं पेन तापलं. 'हिने अकरा सेनापती मारले. प्रत्येकाची एक खाच. अकरावा पहिल्या गोळीत न मेल्याने त्याच्यावर पुन्हा बार काढावा लागला, म्हणून तिथे दोन खाचा आहेत.' हे लिहून झाल्यावर त्यांच्या अंगावर शहारा आला. मग त्यांनी सातही कागद एकावर एक नीट ठेवले, पाणी प्यायले आणि हाताने आपलं नेहमीचं काम उरकून टाकलं.

कागद आणि बंदुका संग्रहालयात पोचवून घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "झालं काम. सातही घेतल्या."

बायकोच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की हेडक्लार्कांना स्वतःबद्दल आदर वाटू लागला. "आणि बाबांचं नाव घातलंत ना?"

"ते काय विचारायचं?" हेडक्लार्क म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. उत्तरात 'हो' हा शब्द नव्हता, ह्याची त्यांनी मनातल्या मनात नोंद करून ठेवली.

उद्घाटन पुढच्या रविवारी होतं. सोमवारी हेडक्लार्क मांडणी बघायला एकटेच गेले. बंदुका भिंतीवर झकास लागल्या होत्या. प्रत्येकीखाली तिचा इतिहास काचेच्या चौकटीत होता. हेडक्लार्क स्वतःचं अक्षर कौतुकाने वाचत खाली खाली आले आणि शेवटच्या ओळीशी थबकले. 'मुळाशी ताडून पाहिले, बरोबर आहे.' खाली सही. सहीवर गोल शिक्का. सात चौकटी, सात शिक्के.

"आमच्याकडे सरकारी शिक्क्यासकट इतिहास पहिल्यांदाच आला बघा," बाई आनंदाने म्हणाल्या. "बाकीचे लोक नुसतं मनाचं लिहून देतात. शस्त्रांची यादी परवाना कार्यालयाला कळवावी लागते, म्हणून तुमच्या कागदांची प्रत मी आजच तिकडे पाठवली."

 चहा नको म्हणून हेडक्लार्क बाहेर पडले आणि कितीतरी वेळ चुकीच्या बसस्टॉपवर उभे राहिले.

बुधवारी सकाळी त्यांच्या टेबलावर एक अर्ज आला. शस्त्रपरवाना कार्यालयाने नक्कल विभागाला लिहिलं होतं. आपल्या कार्यालयाने दिलेल्या सात नकलांवरून सात बंदुका विनापरवाना असल्याचं दिसतं. पैकी एकीने अकरा खून केले आहेत. सबब ज्या मूळ नोंदींवरून नकला दिल्या, त्या घेऊन सही करणाराने रविवारी सकाळी दहाला संग्रहालयात हजर राहावं. जरूर वाटल्यास नळी कापून तपासणी होईल. अर्ज ज्या टेबलावर आला ते टेबल हेडक्लार्कांचं, उत्तर द्यायचं ते त्यांनीच, आणि ज्याच्याविरुद्ध द्यायचं तेही तेच. साहेबांनी वर लाल शाईने 'तातडीचे' लिहिलं होतं आणि खाली आपुलकीने जोडलं होतं, 'आपल्याकडे बंदुकांच्या नोंदी आहेत हे ठाऊक नव्हते. मीही येतो.'

 हेडक्लार्कांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. एकतीस वर्षांत त्यांच्या अक्षराला कुणी बोट लावलं नव्हतं, आणि आता साहेब स्वतः ते बघायला येणार होते.

वरच्या मजल्यावर एक वकील राहत. न विचारता सल्ला देणं हा त्यांचा धर्म होता, आणि विचारल्यावर तर ते उभे राहून देत. हेडक्लार्कांनी 'माझ्या एका मित्राचं असं झालंय' अशी सुरुवात केली. वकिलांनी मित्राचा हुद्दा विचारला, विभाग विचारला आणि मग म्हणाले, "तुमच्या मित्राला सांगा, मूळ कागद वाळवीने खाल्ला. वाळवीला कुणी साक्षीला बोलावत नाही."

हेडक्लार्कांच्या जिवात जीव आला. गुरुवारी त्यांनी टिपण केलं की रेकॉर्ड रूमच्या मागच्या बाजूला वाळवीचा उपद्रव असल्याचा संशय आहे. हा विभाग गेली वीस वर्षं कीटकनियंत्रणाच्या लोकांना बोलवत होता आणि ते आले नव्हते. ह्या वेळी ते दीड तासात आले. चार माणसं बॅटऱ्या घेऊन फडताळांच्या मागे शिरली, प्रत्येक गठ्ठा हलवून त्यांनी पाहिला आणि जाताना लेखी देऊन गेली की सदर जागेत वाळवी नाही, पूर्वीही नव्हती, आणि इतकी स्वच्छ जागा त्यांच्या पाहण्यात नाही. साहेबांनी ते पत्र चौकट करून लावायला सांगितलं. हेडक्लार्कांची पाठ थोपटली. एरवी हेडक्लार्क हुरळून गेले असते.

"मग मूळ तयार करा," वकील म्हणाले. "जुना कागद, पातळ शाई, वर थोडा चहा."

"मी?" हेडक्लार्कांचा आवाज चिरकला.

"तुमचा मित्र."

हेडक्लार्क ताडकन उठले. सात खोट्या सह्या केलेला माणूस आठवी गोष्ट ऐकून एवढा का दुखावला, हे वकिलांना कळेना. पण हेडक्लार्कांच्या मते त्या सात सह्या हाताने केल्या होत्या, आणि हे डोक्याने करायचं होतं.

एक मार्ग उरला. शुक्रवारी ऑफिसातून अर्धी रजा काढून ते संग्रहालयात गेले आणि बंदुका परत मागितल्या. बाईंनी परतीचा फॉर्म दिला. त्यावर देणाऱ्याची सही हवी होती, म्हणजे बायकोची.

"आणि एक सांगते," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "परवान्याच्या साहेबांचा फोन होता. बंदुका खऱ्या ठरल्या आणि परवाना नसला, तर गुन्हा देणाऱ्याच्या नावावर. कोण हो ह्या देणाऱ्या बाई?"

हेडक्लार्क मटकन बसले. इतका वेळ ते स्वतःसाठी घाबरत होते. त्या भीतीशी त्यांची ओळख झाली होती, तिच्यासोबत जेवण जात होतं. ही भीती वेगळी होती. बंदुका खऱ्या म्हणाव्यात तर सात बंदुका आणि अकरा खून बायकोच्या नावावर. खोट्या म्हणाव्यात तर नोकरी जाणार, बंदुका भिंतीवरून खाली येणार आणि बायकोला कळणार की बापाचं नाव कुठेच नव्हतं.

शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस करून आल्यावर ते तीनदा सांगायला गेले आणि सांगितल्याशिवाय परत आले. एकदा ती कपड्यांना इस्त्री करत होती. "अगं, उद्याचं जरा..." एवढं म्हटल्यावर ती म्हणाली, "दादा येतोय बरं का, गाडीत बसलासुद्धा. आत्यापण येतेय, गुडघे दुखत असताना. म्हणाली, भावाचं नाव भिंतीवर बघायचंय." हेडक्लार्कांनी पंख्याचा वेग कमी केला, पुन्हा वाढवला आणि बाहेर गेले. दुसऱ्या वेळी ती हसत होती. तिसऱ्या वेळेला त्यांची हिंमतच झाली नाही.

रविवारी पावणेदहाला सगळे दालनात हजर होते. साहेब कडक इस्त्रीत, मेहुणा, भिंतीला टेकून आत्या, आणि 'सहज आलो' म्हणत वकील. ठेवणीतले कपडे घालून बायको. खिशात हात घालून हेडक्लार्क, आणि त्या हातात शिक्का. तो त्यांनी ऑफिसातून का आणला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

ठीक दहाला परवाना अधिकारी आले. किडकिडीत, हळू आवाजात बोलणारा, कशालाही न हसणारा माणूस. त्यांच्या शिपायाच्या पिशवीतून करवतीची मूठ बाहेर डोकावत होती.

अधिकारी पहिल्या चौकटीपाशी थांबले, पूर्ण वाचलं आणि वहीत काही लिहिलं. "दोनतोंडी. हिला परवाना एक लागेल की दोन, हे वरून मागवावं लागेल." पुढे सरकले. "ही पंधरा मिनिटांनी सुटते. शेवटचा चाप कधी ओढला होता?"

 आज सकाळीच बंदुका पुसताना बाईंनी तो ओढून पाहिला होता, असं त्यांनी कबूल केलं. साहेब दोन पावलं मागे सरले. वकील दाराबाहेर गेले आणि तिथून ऐकू लागले. अधिकाऱ्यांनी घड्याळात पाहिलं आणि शांतपणे पुढच्या चौकटीकडे वळले.

पण हेडक्लार्कांचं लक्ष अधिकाऱ्यांकडे नव्हतंच. पलीकडच्या टोकाहून बायको चष्मा लावून वाचत येत होती. सहावी चौकट वाचली. पाचवी वाचली. नरसाळ्याशी ती क्षणभर थांबली आणि तिने त्या नरसाळ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. ती प्रत्येक कागद वरपासून खालपर्यंत वाचत होती, आणि हेडक्लार्कांना कळत होतं की ती गोष्ट वाचत नाहीये, ती त्यात एक नाव शोधतेय. बाकीच्या सगळ्या चौकटी वाचून ती उलट फिरली आणि सातव्या बंदुकीपाशी येऊन उभी राहिली. तिथलं वाचायला तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

"सही करणारे कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "मूळ नोंदी काढा."

आता पुढे काय बोलायचं हे हेडक्लार्कांनी आठवडाभर पाठ केलं होतं. त्यात वाळवी होती, स्थलांतर होतं, पुराचाही एक छोटा उल्लेख होता. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"साहेब, मूळ नोंद नाही. सातही इतिहास माझ्या डोक्यातले आहेत."

"डोक्यातले म्हणजे कुठल्या फाइलीतले?"

"फाइल नाही. मी रचले. ह्या देणाऱ्या बाईंना त्यातलं काही माहीत नाही, गुन्हा असेल तो माझा."  साहेबांचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे बंदुका खोट्या," अधिकारी म्हणाले.

"अजिबात नाही," संग्रहालयाच्या बाई पुढे आल्या. नव्या दालनाच्या अब्रूचा प्रश्न होता. "इतिहास खोटा असेल. बंदुका खऱ्या आहेत, मी स्वतः पाहिल्यात."

अधिकाऱ्यांनी दोन्ही म्हणणी वहीत एकाखाली एक लिहिली आणि त्यांच्यामध्ये रेघ मारली. "मग कापूनच बघू. नळी आरपार असली तर खरी. अकरा खुनांची आधी घ्या." शिपायाने पिशवीतून करवत काढली आणि लांब बंदूक भिंतीवरून उतरवून आडवी धरली.

बायको हेडक्लार्कांकडे वळली. तिचा आवाज मोठा नव्हता. "बाबांचं नाव कुठंय?"

"नाही घातलं."

"तुम्ही तर म्हणालात..."

"हो म्हणालो नव्हतो," असं हेडक्लार्कांच्या ओठांवर आलं होतं. पण तिच्याकडे बघून त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की ते वाक्य त्यांनी गिळून टाकलं. मुकुट, चंद्र, सिंहासनं करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळ्या जगाने विसरावं हे ठीक, पण जावयानेही सात पानं लिहून विसरावं, हे त्यांना आत्ता पहिल्यांदा दिसलं.

शिपायाने करवत टेकवली.

"थांबा जरा," बायको म्हणाली. तिने पुढे होऊन बंदूक त्याच्या हातून घेतली आणि जमिनीवर उभी केली. "हे सेनापती नाहीत. ही मी आहे."

अधिकाऱ्यांनी वहीतून मान वर केली.

"दरवर्षी वाढदिवसाला बाबा मला हिच्याशी उभं करायचे आणि खाच पाडायचे. दोन वर्षांची होते तेव्हापासून. खाली आकडे आहेत, पॉलिशने झाकलेत. पुसा."

अधिकाऱ्यांनी स्वतःचा रुमाल काढला, तोंडाची वाफ देऊन लाकूड घासलं. पहिल्या खाचेखाली बारीक कोरलेला दोनचा आकडा दिसू लागला. मग तीन. मग चार. वाकलेले ते हळूहळू वर येत होते आणि दालनात त्यांच्या रुमालाचा आवाज तेवढा होता. अकराव्या खाचेखाली बारा निघाला.

"इथे दोन आहेत," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा बार काढावा लागला, असं लिहिलंय."

"मी टाचा उचलल्या होत्या," बायको म्हणाली. "शाळेत मला बुटकी म्हणायचे. वरची खाच पाडून झाल्यावर बाबांनी खाली बघितलं. रागावले नाहीत. डोक्यावर हात ठेवून मला हलकेच खाली दाबलं आणि खरी खाच पाडली. वरची बुजवा म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी गाठशील. पुढच्या वर्षी ही कंपनीबरोबर दौऱ्यावर गेली. परत आली तेव्हा मी त्या खाचेपेक्षा उंच झाले होते." मग तिने छत्रीच्या मुठीकडे बोट केलं. "ती छत्री माझी. दोन पावसाळे मी भिजत शाळेत गेले. ती कडी आमच्या मागच्या दाराची, दार पुढे सुतळीने बांधायचो. आणि हे नरसाळं हरवलं म्हणून आईने मला मारलं होतं. विचारा आत्याला."

"मला पण मारलं होतं," मेहुणा म्हणाला.

आत्याने मान डोलावली. 

अधिकारी मात्र नियमाने चालणारे होते. "इथे उभ्या राहा," ते म्हणाले. बायको बंदुकीशी पाठ लावून उभी राहिली. अधिकाऱ्यांनी खाली बघितलं. "टाचा जमिनीला." बायकोने टाचा टेकवल्या. बारा वर्षांची खाच तिच्या हनुवटीशी आली. अधिकाऱ्यांनी बंदूक उलटी करून नळीत पेन्सिल घातली. पेन्सिल बोटभर आत जाऊन लाकडाला टेकली. त्यांनी वही उघडली, 'परवान्याची गरज नाही' असं लिहिलं, पान फाडून बाईंच्या हातात दिलं आणि जाताजाता लाजरीसमोरून न जाता लांबून वळसा घालून बाहेर पडले.

साहेबांनी हेडक्लार्कांसमोर नुसता हात पुढे केला. हेडक्लार्कांनी खिशातून शिक्का काढून त्यावर ठेवला. तो गरम झाला होता.

"उद्यापासून आवक-जावकला बसा," साहेब म्हणाले. "चौकशी होईल. अक्षर मात्र सुंदर आहे हो तुमचं." ह्या शेवटच्या वाक्याने हेडक्लार्कांना सगळ्यांत जास्त लागलं.

पुढचे तीन दिवस ते आवक-जावकच्या खिडकीत बसून आलेल्या पाकिटांवर नंबर घालत होते. घरी बायको बोलत नव्हती. जेवण वाढत होती, पण मीठ मागावं लागत होतं. दरम्यान संग्रहालयाच्या बाईंनी कळवलं की शस्त्रदालनात ह्या बंदुका ठेवता येणार नाहीत, पण लोक येऊन त्यांच्याबद्दलच विचारतात. तेव्हा दाराजवळच्या भिंतीला, छत्र्यांच्या स्टँडशेजारी लावू, मात्र रकाना सहा पुन्हा भरून द्यावा, आणि कोरा ठेवू नये.

चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर बायकोने टेबल पुसलं, सात कोरे कागद मांडले आणि खुर्ची ओढली. "बसा. मी सांगते, तुम्ही लिहा. मनाचं काही घालू नका."

हेडक्लार्क लिहू लागले. प्रत्येक कागदाच्या पहिल्या ओळीत सासऱ्यांचं पूर्ण नाव आलं. ते लिहिताना त्यांनी अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढलं. छत्री कुठल्या रंगाची होती ह्यावरून तिने त्यांना एक कागद पुन्हा लिहायला लावला. कडी किती वर्षं दाराला नव्हती ह्यावरून दुसरा. मध्येच ती हसली, आणि नरसाळ्याशी आल्यावर तिने डोळे पुसले. "हे मला कधीच का नाही सांगितलंस?" हेडक्लार्कांनी विचारलं. "तुम्ही कधी विचारलंत?" ती म्हणाली. हेडक्लार्क सत्तावीस वर्षं मागे जाऊन शोधून आले. असं काही सापडलं नाही.

सातवा कागद संपला. टाचांची गोष्ट लिहून झाली. हात थांबेचना. तो आपल्या सवयीने खाली गेला आणि त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मुळाशी ताडून पाहिले, बरोबर आहे.' लिहिल्यावर हेडक्लार्क दचकले. त्यांच्याकडे शिक्का नव्हता, नक्कल विभाग नव्हता आणि असली ओळ लिहायचा अधिकारही उरला नव्हता. ते ती ओळ खोडणार, एवढ्यात बायकोने नेहमीसारखं त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. तिने चष्मा सारखा केला, कागद पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला आणि त्या ओळीखाली स्वतःची सही केली.